कौसाची नजर

कुरडयांसाठी भिजत घातलेल्या गव्हाचं पाणी रोज बदलायचं असतं, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरीलाही ठाऊक असतं. मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते. सासू झाले होते, आजी झाले होते, गल्लीतल्या नव्या सुनांना कुरडया कशा घालाव्यात हे कमरेवर हात ठेवून शिकवत होते — आणि मी पाणी बदलायला विसरले. का विसरले? टीव्ही पाहत होते म्हणून. टीव्हीवर काय होतं? एक बाई केक करत होती.

हसा. मीही हसते. इथपर्यंतचं मी कुणालाही सांगितलं असतं. लोकांना हसायला आवडतं आणि मला हसवायला. पण याच्या पुढचं मी सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — ते गेले, न ऐकताच गेले. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. देवापुढं बसले की देवापुढंसुद्धा विषय बदलते. कधी गुडघ्याचं काढते, कधी पावसाचं. आजवर एकाच माणसाला सांगितलं आणि तेही फार उशिरा. आता तुम्हाला सांगते. बसा जरा. मला मात्र बसवत नाही, मी उठून फिरत फिरत सांगेन असं समजा.

आमचं गाव धाडच्या बाजाराचं गाव. म्हणजे मीठ-मिरचीपासून मंगळसूत्रापर्यंत सगळं धाडहून, जीपनं. आमच्या घराला आणि धाकट्या दिराच्या घराला मिळून एकच भिंत आहे. भाऊ वेगळे झाले तेव्हा चुली वेगळ्या झाल्या, विहीर सामाईक राहिली, आणि भिंत — भिंतीला काही वाटणी कळत नाही. या बाजूचं त्या बाजूला ऐकू जातं. दिराची बायको कौसा, माझी धाकटी जाऊ. ती मला ‘बाई’ म्हणते. सकाळी तिच्याकडं भाकरी थापायला सुरुवात झाली की माझ्या भिंतीत ती थाप ऐकू यायची आणि मला झक मारत उठावं लागायचं. नाहीतर धाकटी उठली आणि मोठी लोळते, असं झालं असतं ना.

मग बीटी कापसाचं बियाणं आलं. बोंडअळीचा विषयच संपला, असं सांगणारी माणसं गावात मोटारसायकलवरून येऊ लागली. बियाण्याच्या पाकिटावर चित्र होतं — झाडाला पान दिसेना इतका कापूस फुटलेला, पांढराशुभ्र, जणू ताटात भाताची मूद. दीर ते पाकीट हातात धरून ओट्यावर बसला होता. बराच वेळ. उलटंसुलटं करून पाहत होता, हलवायाच्या काचेपुढं पोर उभं राहतं तसा. मी विहिरीवरून येता येता म्हटलं, “काऊन भाऊजी, चाटता का आता त्या चित्राले?” तोही हसला. भला माणूस होता.

पहिली साल बरी गेली. दुसऱ्या सालाला त्यानं बांधापासून बांधापर्यंत कापूसच लावला. ज्वारीचा तुकडा मोडला, मुगाच्या ओळी मोडल्या, कडेची अंबाडीही ठेवली नाही. आमच्या ह्यांनी अर्ध्या रानात ज्वारी राखली. त्यात शहाणपण वगैरे काही नव्हतं. ह्यांना जगात कुणाचं काही पटायचंच नाही, मोटारसायकलवाल्याचंही पटलं नाही, एवढंच. आणि मग ती साल आली. पाऊस मध्येच दडी मारून बसला, पानं लाल पडली — लाल्या म्हणतात त्याला — बोंडं सुपारीएवढीच राहिली. आमचाही कापूस गेला. पण आमच्या कणगीत ज्वारी होती. कापूस खाता येत नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती कळायला एक उन्हाळा जावा लागला.

त्या उन्हाळ्यात भिंतीतून भाकरीची थाप यायची थांबली.

एकदम नाही. आधी संध्याकाळची थांबली. मग सकाळी यायची ती थोडकीच, लवकर संपायची. मग कधी येई, कधी नाही. मला ते कळलं होतं. हे आत्ताच लिहून टाकते, म्हणजे पुढं ‘मला काय माहीत’ म्हणायची सोय उरायला नको. मी अंथरुणात पडून थाप ऐकायची वाट पाहायचे आणि आली नाही की — की काय? कूस बदलायचे. लवकर उठावं लागलं नाही म्हणून बरंही वाटायचं. असली मी.

वैशाखात सून आणि नात आली, नाशिकहून. नात ऋतुजा, तीन वर्षांची, गुबगुबीत, हट्टी. मुलानं आदल्या वर्षी आम्हाला रंगीत टीव्ही घेऊन दिला होता. दुपारी त्यावर स्वयंपाकाचा कार्यक्रम लागायचा आणि सून तो पाहायची, म्हणून मीही शेजारी बसू लागले. नंतर सून झोपायची आणि मी एकटीच बसायचे.

काय सांगू तुम्हाला. ती बाई चमचा उचलायची आणि त्यावरून चॉकलेट असं संथ ओघळायचं, दोरीसारखं, तुटायचं नाही — की माझ्या तोंडाला पाणी. पोट भरलेलं बरं का. वरण-पोळी झालेली, कैरीचं लोणचं झालेलं, वर ताकही झालेलं. जे जन्मात चाखलं नाही त्याच्यासाठी तोंड का सुटावं? मी पदरानं तोंड पुसायचे आणि पाट आणखी पुढं ओढायचे. एकदा ह्यांनी दारातून विचारलं, “काचेतून वास बी येते काय?” मी मान वळवली नाही. ती बाई केकवर लाल चेरी ठेवत होती. अशा वेळी कोण मान वळवतं?

मागं परसात गहू पाण्यात बसला होता आणि डोक्यावर वैशाख. आत्ता बदलते पाणी, म्हणायचे. हे एवढं झालं की बदलते.

झाकण काढलं तेव्हा वास आला. गव्हाला भिजल्यावर थोडा आंबूस वास येतोच. पण आंबूस वेगळा आणि बिघडलेला वेगळा. तो फरक नाकाला कळतो. माझ्या नाकाला कळला. मी नाकाला गप्प केलं. चांगला बन्सी गहू होता. सून पाहत होती. आणि मी तिला लग्नापासून सांगत आले होते की माझ्या कुरडया तळल्या म्हणजे कढईत मोगरा फुलतो. आता काय म्हणणार होते — की केक पाहता पाहता सासूबाईंनी गहू कुजवला? चार पाण्यांनी गहू धुतला, वाटला, गाळला, निवळायला ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलं चुलीवर चढवलं.

चीक तुम्हाला माहीत असेल. गव्हाचं ते सत्त्व आधणात ओतून घोटत राहायचं. ते दाटतं, चकाकतं, मग साच्यातून त्याच्या कुरडया पाडायच्या. पण कुरडया कोरड्या व्हायच्या आधी पोरांचं लक्ष पातेल्यातल्या त्या गरम चिकावर असतं. वर तूप, साखर. ऋतुजानं पातेलं पाहिलं आणि भोकाड पसरलं. अजून शिजायचा होता. मी तसाच वाटीत काढला. वास लपावा म्हणून तूप जास्तच घातलं आणि साखर त्याहून जास्त. पोर खुशीत खायला बसली, मागच्या दारात, उंबऱ्याच्या आत.

आणि कौसा आली.

शेतातून येत होती, डोक्यावर वाळक्या पऱ्हाट्यांचा, कापसाच्या काड्यांचा भारा. तेवढंच तर पिकलं होतं त्या साली रानात, जळण. आमच्या परसातून तिच्या परसात जायला वाट आहे. ती उघड्या दारासमोर आली आणि थांबली.

आता ऐका, आमच्याकडं रीत आहे. घरात चीक शिजला आणि दारात कुणी आलं, तर वाटी दिल्याशिवाय जाऊ देत नाहीत. जिच्याशी बोलणं बंद असेल तिलाही नाही. ‘ये वं, चीक खाय’ एवढं तोंडातून निघतंच, विचार न करता निघतं. माझ्या तोंडातून ते निघता निघता मी परत गिळलं. कारण कौसाचं नाक. गल्लीत बाया दूध नासलं की नाही हे तिला विचारत, पापडाचं पीठ जमलं का हेही तिला विचारत. तिनं एक घास जिभेवर ठेवला असता आणि म्हटलं असतं, “बाई, पाणी नाही बदललं काय गव्हाचं?” वाईट हेतूनं म्हटलं नसतं. पण घटकाभरात कुरडया घालायला बाया जमणार होत्या. आणि माझा मोगरा.

म्हणून मी ‘ये’ म्हटलं नाही.

ती उभी राहिली. एक हात भाऱ्याला, दुसरा कमरेवर. ती माझ्याकडं पाहत नव्हती, पोरीकडंही पाहत नव्हती. वाटीकडं पाहत होती. तुपावर ऊन पडलं होतं. ऋतुजा चमचा तोंडाकडं नेई आणि कौसाचे ओठ किंचित उघडत — आपण लेकराला भरवताना आपलंही तोंड उघडतं ना, तसे. तिला ते कळत नसावं. मग तिनं आवंढा गिळला. मी तो गिळलेला पाहिला. गळ्यातून वर आला आणि खाली गेला.

मी काय केलं? सरकून दोघींच्या मध्ये बसले. पाठ केली.

“जातो बाई,” असं ती म्हणाली, आणि भारा पुढं गेला.

दिवेलागणीला ऋतुजाला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब, मग अंग तापलं. सून घाबरली, मी तिच्याहून घाबरले, पण माझी भीती दोन जातींची होती. सुनेनं विचारलं, “आई, हिला दिवसभरात काय काय दिलं तुम्ही?” साधा प्रश्न होता, संशयही नव्हता त्यात. एका वाक्याचं उत्तर होतं.

मी म्हटलं, “कौसा उभी होती दारात. टक लावून पाहून राह्यली होती पोरीच्या वाटीकडं.”

बघा, यात खोटा शब्द एकही नाही. केवढी हुशार बाई होते मी. खोटं बोलायला मला खोट्याची गरजसुद्धा पडली नाही.

तोवर शेजारच्या बाया आल्याच होत्या. सकाळी कुरडया घालायला आलेल्या, त्याच. एकीनं म्हटलं, मीठ-मिरच्या उतरव. मी मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेतल्या. तुम्हाला ठाऊक असेल, उतरवून झालं की ते चुलीत टाकतात. मिरच्या जळाल्या आणि ठसका लागला तर साधं दुखणं. ठसका आला नाही तर नजर. पोरीवरून मूठ फिरवता फिरवता मी मिरच्या अंगठ्यानं मागं सारल्या. चुलीकडं वळताना त्या कमरेला खोचलेल्या पदरात गेल्या. विस्तवात पडलं ते मीठ आणि मोहरी. तडतड झाली, ठसका कुठून येणार?

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. “ठसका नाही आला वं,” एक म्हणाली. “लयच जबर लागली पोरीले.”

हे मी ठरवून केलं होतं का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. हात आपोआप गेला, असं म्हणायला फार आवडलं असतं मला. पण हात आपोआप चुकतो. आपोआप इतका सफाईनं वागत नाही. त्या मिरच्या कमरेशी चुरडल्या आणि मी दिवसभर घामेजलेली. रात्रभर ती जागा आग आग झाली. सकाळी खोबरेल लावलं. सुनेनं विचारलं काय झालं, म्हटलं घामोळं.

ह्यांनी नजर-बिजर मानली नाही, जीप करून पोरीला तडक धाडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं सलाइन लावलं आणि म्हणाला, खाण्यातून झालंय, काय खाल्लं होतं? ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पोरीकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी ऋतुजा अंगणात कोंबड्यांमागं पळत होती. गावात श्रेय माझ्या उतरवण्याला मिळालं, सलाइनला नाही. कुरडया वाळल्या त्या काळपट, तुकडे तुकडे झाल्या; गाईनंही तोंड फिरवलं. त्याही कौसाच्या नजरेनं बिघडल्या असं ठरलं. मी ठरवलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

पुढचं सांगायला सोपं आहे आणि म्हणूनच नको वाटतं. त्या पावसाळ्यात गावदेवीचे, मरीमायचे रोडगे झाले. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, सगळं गाव एका पंगतीला. कौसा वाढायला उभी राहिली तशी एका बाईनं आपल्या लेकराला उचलून मांडी बदलली. दुसरीनं ताटावर पदर धरला. कौसानं भांडं खाली ठेवलं. शेवटच्या पंगतीला ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि लवकर जेवली. पुढच्या वर्षी आलीच नाही. पोट बरं नाही म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी विचारलंही नाही.

मी काही केलं का? हो, केलं. पोतंभर ज्वारी पाठवली तिच्याकडं, गड्याच्या डोक्यावरून, भर दिवसा, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. बाया म्हणाल्या, “नातीले नजर लावली तरी बाईनं ज्वारी देली. काय मन म्हणावं.” मी ते ऐकून घेतलं. ऐकताना गोड लागलं, हेही लिहिते. दुसऱ्या दिवशी भिंतीतून भाकरीची थाप आली आणि मी अंथरुणात म्हटलं, चला, फिटलं.

कसलं फिटलं.

मग तिला नातू झाला, गजू. त्याची आई निंदायला-वेचायला जायची आणि पोर कौसाच्या अंगावर. आमच्या मोरीच्या खिडकीतून तिचं परस दिसतं. ती पोराला आंघोळ घालायची, अंग पुसायची, त्याच्याशी गप्पा मारायची, मग उंबऱ्याजवळच्या कोपऱ्यात त्याला बसवून ताट वाढायची — आणि उठून, त्याच्याकडं पाठ करून, सुपात तूर निवडत बसायची. पाठमोरीच विचारायची, झालं का रे? पोर म्हणायचं, नाही. थोड्या वेळानं पुन्हा, झालं का? हाव, म्हणाला की मग वळायची आणि त्याचं तोंड पुसायची. मी हे पाहायचे. एकदा नाही, पोर मोठं होईपर्यंत पाहिलं. पाहून घरात जायचे, जणू घरात काही जळत होतं.

आता ऋतुजाचं सांगते, म्हणजे हे सगळं आज का निघालं ते कळेल.

ती पुण्याला शिकते. माणसाचं मन कसं चालतं, मेंदू कसा चालतो, तसलं काहीतरी. मागच्या उन्हाळ्यात लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, आजी, मला म्हातारी माणसं हवीत. मी म्हटलं, गाव भरलंय, किती देऊ? तिनं मला खुर्चीत बसवलं. पडद्यावर दोन-दोन चित्रं यायची. एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला जिलबी. एका बाजूला खुर्ची, दुसऱ्या बाजूला भरलं वांगं. आपले डोळे कुठं जातात आणि कुठं किती वेळ राहतात, हे त्या यंत्राला कळतं म्हणे. सकाळी उपाशीपोटी एकदा बसवलं आणि जेवण झाल्यावर पुन्हा. मी मुद्दाम खुर्चीकडं पाहत होते. ती म्हणाली, “आजी, तू चिडीचा डाव खेळतेस.” मी म्हटलं, “खुर्ची चांगली आहे.” ती म्हणाली, “आधी वांग्याकडं गेलीस, मग खुर्चीकडं आलीस. मला दिसतंय.”

मग पडद्यावर रोडगे आले. वर तुपाची धार, वाफ निघतेय असं चित्र. आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, या वयात, दात नसताना.

ती मला समजावत होती. म्हणाली, भूक लागलेली असली की डोळे आधी अन्नाकडं जातात आणि तिथून निघत नाहीत. नुसतं चित्र असलं तरी. चित्र आहे हे मेंदूला कळत असतं, तरी तो तयारीला लागतो. तोंडात लाळ येते, पोट जागं होतं, माणूस आवंढा गिळतो. भरल्या पोटालाही होतं, पण भुकेल्या पोटाला पाहायलाच नको. “त्यात माणसाची काही चूक नसते, आजी,” ती सहज म्हणाली. “त्याला कुणी विचारलेलंच नसतं.”

मी पाणी प्यायला उठले. पाणी प्यायले नाही, माठापाशी उभी राहिले. पाठीमागून ती म्हणाली, आता छोट्या आजीला बसवूया. छोटी आजी म्हणजे कौसा. मी म्हटलं, राहू दे, तिला दिसत नाही नीट. तिला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं.

ऋतुजा ऐकते थोडीच. लॅपटॉप काखेत मारून परसातून गेली, मी मागोमाग. कौसा बसली खुर्चीत, पदर सावरून, फोटो काढायचा असल्यासारखी. कपाट आलं, बादली आली, ती पाहत होती. मग ताट आलं — पोळी, भाजी, वाटीत खीर. कौसानं मान वळवली. पार भिंतीकडं. ऋतुजा म्हणाली, छोटी आजी, इकडं बघायचंय. कौसा भिंतीकडं पाहतच म्हणाली, “चित्राले बी लागते का वं नजर?”

पोर हसली. “नजर-बिजर काही नसतं गं.”

“तुलेच लागली होती बाप्पा, लहानी होती तवा,” कौसा म्हणाली. “माही लागली.” तक्रार नव्हती तिच्या आवाजात. एखादी बाई आपलं माहेर कुठलं ते सांगते, तसं सांगितलं.

ऋतुजानं माझ्याकडं पाहिलं. “हो का आजी?”

इतकी वर्षं गेली होती. सासू-सासरे गेले, नवरा गेला, दीर गेला, ज्यांच्यापुढं मोगरा मिरवायचा होता त्या बाया अर्ध्या गेल्या. कुणाची भीती होती मला? नाव राखायला नावच कुठं उरलं होतं? आणि मी म्हटलं, “तसं म्हणतात लोक.”

दुसऱ्यांदा. म्हणजे पहिल्यांदा भीती होती असं जे मी स्वतःला सांगत आले होते, तेही गेलं.

पोर पुण्याला गेली. मला घरात राहवेना. टीव्ही लावायचे आणि बंद करायचे. ताटावर बसायचे आणि ताटाकडं पाहत राहायचे. कुणी मला पाहत असेल असं वाटून दाराकडं मान जायची. खिडकीत उभी राहायचे, तर पलीकडं कौसा सूप घेऊन बसलेली, एकटी, आणि तरीही त्या उंबऱ्याजवळच्या कोपऱ्याकडं पाठ करून. गजू आता पुण्यात कंपनीत आहे. मिशा आहेत त्याला. दिवाळीला येतो, उभ्या उभ्या जेवतो, फोनवर बोलत बोलत.

एका दुपारी गेले. काहीतरी न्यावं असं मनात आलं होतं, वाटीभर काही गोड. मग ठेवून दिलं. ते सांगणं राहिलं नसतं, लाच झाली असती. रिकाम्या हातानं गेले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले, गुडघे दुखत असताना. तिनं सूप थोडं बाजूला घेतलं, एवढंच. सगळं सांगितलं, क्रमानं. केकवाली बाई सांगितली. पाणी सांगितलं. कच्चा चीक सांगितला, ‘ये’ म्हणायचं तोंडात आलेलं गिळलं ते सांगितलं. भिंतीतली थाप ऐकू येत नव्हती हे मला माहीत होतं, हेही सांगितलं. तोवर तिची बोटं तूर निवडतच होती, खडा बाजूला, डाळ बाजूला. मिरच्यांचं सांगताना मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. कमरेवरची ती जागासुद्धा दाखवली, वेड्यासारखी, जणू अजून काही डाग उरला होता तिथं.

मिरच्यांपाशी तिची बोटं थांबली.

मी वाट पाहत होते. शिवी द्यावी, सूप फेकून मारावं, गल्ली गोळा करावी. त्यातलं काहीही चाललं असतं मला. ऋतुजा हे वाचेल. वाचू दे. सून वाचेल, तिलाही वाचू दे. तुमच्याकडून मला काही नको आहे.

कौसानं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं पाहिलं नाही. उंबऱ्याजवळच्या त्या कोपऱ्याकडं वळून पाहिलं, जिथं ताट ठेवायची तिथं. बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली:

“मंग माह्या गजूले जेवताना मी पाह्यलं असतं तं चाललं असतं, बाई?”